अंगणवाडीचा दीड वर्षाचा अनुभव, आणि तो काटा

गेल्या मंगळवारी आमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीचा लटकता वजनकाटा हुकातून निसटून धाडकन खाली आला. नशीब, झोळीत कुणी नव्हतं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. वर्षाहून जास्त काळ माझं त्या काट्याशी वैर आहे.

माझं किराणा दुकान अंगणवाडीच्या अगदी समोर. दुकानातल्या काट्यावर दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. त्यामुळे कुठेही काटा दिसला की माझी नजर आधी शून्यावर जाते. या सवयीचा बायकोला वैताग येतो, पण सवय आहे.

लेक वीस महिन्यांची असताना, जुलै २०२४ मध्ये, बायकोने तिचं नाव अंगणवाडीत घातलं. मी नको म्हणत होतो. फुकट मालाची प्रत काय असते हे दुकानदाराला सांगायला लागत नाही. शेजारच्या गल्लीतल्या प्लेग्रुपने बावीस हजार सांगितले, वर गणवेश आणि बूट वेगळे, तेव्हा मी गप्प बसलो.

तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे रोज बसवत नाहीत. त्यांच्यासाठी घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर. त्यातून दिवसाला ठराविक कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. खिचडीच्या तयार मिश्रणाचं पहिलं पाकीट मी फोडून वास घेतला, डाळीचा दाणा चावून पाहिला. माल वाईट नव्हता. चव मात्र बेतास बात. आमच्याकडे त्यात जिरं-लसणाची फोडणी घालावी लागते, मग खपते.

आता काटा. नोव्हेंबरात लेकीला दोन वर्षं झाली. त्या महिन्यात ताईंनी वजन केलं आणि तक्त्यावर तिचा ठिपका हिरव्यातून पिवळ्यात गेला. आदल्या महिन्यात ९.३ किलो होती, आता ८.८. दोन वर्षांच्या मुलीसाठी ती रेष ९ किलोवर आहे, त्याखाली गेलं की ‘कमी वजन’. बायको रडायला लागली, सासूबाईंचा फोन आला, दुधात काय काय घालायचं याची यादी आली. मी पोरीला उचललं आणि दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर बसवलं. ९ किलो ३०० ग्रॅम!

मग मी दोन किलोची दोन मापं आणि एक पाच किलोचं घेऊन तडक अंगणवाडीत गेलो. काटा अर्धा किलो कमी दाखवत होता. बराच वेळ कारण कळेना. स्प्रिंग ठीक होती. शेवटी उलगडा झाला. आधीची झोळी ताडपत्रीची, लोखंडी कडीची, चांगली जड. ती फाटली म्हणून ताईंनी घरून जुन्या साडीची हलकी झोळी शिवून आणली होती. पण शून्य जड झोळीवरच लावलेलं राहिलं. वरचा स्क्रू फिरवला, दोन मिनिटांचं काम. त्या महिन्यात वॉर्डातली किती पोरं उगाच पिवळ्यात गेली असतील याचा विचार करा.

मी तावातावाने बोललो. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भाऊ, नवीन झोळी तीनदा लिहून मागितली. नाही आली. मग साडी फाडली.” मला पुढे बोलायला काही उरलं नाही. तरी काट्याचा मुद्दा मी सोडलेला नाही. झोळी बदलली की शून्य तपासा, एवढी एक ओळ भिंतीवर लिहायला काय हरकत आहे? शेवटी मीच खडूने लिहिली. रंगकामात पुसली गेली.

दुसरी तक्रार जुलै २०२५ ची. टीएचआर घेताना चेहरा ओळखण्याची पद्धत १ जुलैपासून सक्तीची झाली. त्यासाठी आधार जोडणी, आणि ओटीपी जाणार बायकोच्या आधारवरच्या नंबरावर. तो नंबर तिच्या वडिलांचा, दहा वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला. आधार केंद्रात रांग लावून पन्नास रुपये भरून नंबर बदलला. म्हणजे फुकटच्या खिचडीला पन्नास रुपये आणि दुकानाची एक सकाळ. शिवाय नेटवर्क नसलं की ताई मोबाईल धरून दारात उभ्या, आणि बायका एकेक करून उन्हात तोंड दाखवतायत.

इथवर वाचून वाटेल की मी नाव काढून घेणार होतो. होतोच. नोव्हेंबरात लेक तीन वर्षांची झाली, रोज बसायला लागली आणि मत बदललं. नाश्ता आणि गरम जेवण तिथेच. आमच्याकडे मटकी बघून तोंड फिरवणारी पोरगी तिथे वाटी चाटते. मदतनीस मावशींना मी कृती विचारली. “काही नाही, समोरचं पोर खातं म्हणून हेही खातं,” म्हणाल्या. जागा मात्र एक खोली आणि एक ओटा. नावात अंगण, प्रत्यक्षात नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तिथे शिक्षण मुलांच्या दारापर्यंत गेलं, आणि आमच्याकडे पोरं नाल्यावरच्या फरशीवर लगोरी खेळतात. अंगणवाड्यांच्या सरकारी योजनेला २ ऑक्टोबर २०२५ ला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षांत एक अंगण मागणं जास्त नाही.

सगळ्यात मोठा फायदा पोरीपेक्षा बायकोला झाला, हे मी उशिरा मान्य केलं. लग्नानंतर या गावात तिचं कुणी नव्हतं. माता बैठकीला जाऊन जाऊन आता चौघी जणी फाटकापाशी तासभर उभ्या असतात. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरनी तिचं हिमोग्लोबिन तपासलं, कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मला दोन वर्षं ती नुसती चिडचिडी वाटत होती.

तोटा माझा. त्याच बैठकीत ताईंनी पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांबद्दल असं काही सांगितलं की माझ्या दारातली माळ महिनाभर तशीच लटकत राहिली. समोरासमोर दुकान असून! मी गमतीत तक्रार केली तर म्हणाल्या, “मग शेंगदाणा चिक्की ठेवा की.” ठेवली. बरी खपते, पण पाकिटांइतकी नाही.

नव्या काट्यासाठी ताईंनी लगेच लिहून दिलंय. तोवर १ तारखेला मी पोत्यांचा काटा पुसून दारात मांडला. त्याला या वर्षीचा शिक्का आहे, तो सगळ्यांना दाखवलाही. अकरा पोरं तोलली. ताई वहीत आकडे लिहीत होत्या, माझी लेक तेरा किलो भरली. एकाही आईने जाताना पाच रुपयांचं पाकीट घेतलं नाही.