वाचकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की गुडरीड्स?

म्हापशाची भाची विचारत होती, पुस्तकवाल्यांशी ऑनलाइन ओळखी करायच्या तर एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरू की गुडरीड्सवर, म्हणजे वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या आणि अभिप्राय लिहायच्या साइटवर, खातं काढू. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत, तो प्रश्न मिटला.

मराठी पुस्तकांचं म्हणशील तर ग्रुप सरळ पुढे. गुडरीड्स 2007 मध्ये सुरू झालं, 2013 पासून अ‍ॅमेझॉनचं आहे, इंग्रजी पुस्तकांवर तिथे ढिगाने लिहिलेलं मिळतं पण मराठी शोधायला गेलं की आधी रोमन स्पेलिंग टाका, मग देवनागरी टाका, आणि सापडलंच तर खाली बऱ्याचदा दोन ओळींचा अभिप्राय. ग्रुपात रात्री विचारलं तर सकाळी फोंड्याचं कोणीतरी म्हणतं, माझ्याकडे आहे, रविवारी पणजीला येतोय, आणू का? हे गुडरीड्स कुठून देणार!

टिकण्याचं मात्र उलटं. ग्रुपातली चांगली चर्चा गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते, फुकट पीडीएफ मागणारे वेगळेच. गुडरीड्सवर काय वाचलं, कधी वाचलं, सगळं राहतं, फक्त पुस्तकाला तारे देताना अर्धा तारा देता येत नाही.

मराठी-कोकणी वाचून पुस्तकं अदलाबदल करायची असतील तर ग्रुप. इंग्रजी वाचन जास्त, नोंदी ठेवायची हौस आणि गप्पांचा कंटाळा असेल तर गुडरीड्स.