गुगल स्कॉलर प्रोफाइल: पेपर गोळा करायला झकास, डॉक्टर मोजायला नको

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे मी, त्यामुळे प्रमोशनचे इंटरव्ह्यू जवळ आले की सगळे डॉक्टर आमच्याकडे, मॅडम जरा माझा एच-इंडेक्स (किती पेपर आणि त्यांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला यावरून निघणारा आकडा) काढून द्या ना. आणि सगळ्यांना तो गुगल स्कॉलरवरचाच, म्हणजे गुगलच्या संशोधन-पेपर शोधायच्या साइटवरचाच, हवा असतो, कारण तिथे आकडा सगळ्यात मोठा दिसतो 😄 म्हणून तिथल्या प्रोफाइलबद्दल, म्हणजे आपले पेपर आणि आकडे दाखवणाऱ्या पानाबद्दल, जरा सविस्तर लिहिते.

आधी चांगलं सांगते. फुकट आहे हो, आणि ही छोटी गोष्ट नाही. स्कोपस, वेब ऑफ सायन्स या असेच आकडे देणाऱ्या सेवांचे पैसे भरणं प्रत्येक कॉलेजला कुठे जमतं. स्कॉलर २००४ ला सुरू झालं, आपल्या खरगपूर आयआयटीचे अनुराग आचार्य त्यातले एक कर्ते, आणि प्रोफाइल सगळ्यांना उघडलं २०११ मध्ये. गुगलचं अकाउंट असलं की चहा गार व्हायच्या आत प्रोफाइल तयार. शिवाय शोधतं भारी, थिसिस, पुस्तकातला चॅप्टर, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या यादीत नसलेलं एखादं भारतीय जर्नल, सगळं उकरून काढतं. एका सरांचा जुना पेपर त्यांना स्वतःला सापडत नव्हता तो इथे मिळाला, तेही कोणी कोणी सायट केलाय, म्हणजे आपल्या पेपरात त्याचा संदर्भ दिलाय, त्या यादीसकट.

एक मात्र बघा, कॉलेजच्या डोमेनचा ईमेल व्हेरिफाय केला नाही तर प्रोफाइल सर्चमध्ये येत नाही. आपल्याकडे निम्मे डॉक्टर जीमेलवरच सगळं चालवतात, मग प्रोफाइल बनवूनही नाव टाकल्यावर दिसत नाही म्हणून माझ्याच डोक्याशी भुणभुण.

आता डोकेदुखी. आडनाव पाटील, देशमुख, कुलकर्णी असेल आणि पेपरवर नुसतं एस. पाटील छापलं असेल तर देवच वाली. प्रोफाइल बनवताना ते पेपरचे गठ्ठे दाखवतं, हे तुमचे का म्हणून विचारतं आणि माणूस घाईत सगळ्यांवर टिक करतो. एका ऑर्थोच्या डॉक्टरांच्या खात्यात भुईमुगावरच्या रोगाचा पेपर होता आणि त्यांचे सगळ्यात जास्त सायटेशन त्याचेच! वड्याचं तेल वांग्यावर. सेटिंगमध्ये पेपर आपोआप जोडू नका, आधी ईमेलवर विचारा असा पर्याय आहे तो आधी निवडा, आणि नको ते पेपर टिक करून डिलीट मारा. एकच पेपर दोनदा आला असेल तर दोन्हीवर टिक करून मर्ज, मग आकड्याशेजारी चांदणी येते, घाबरू नका.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. हा आकडा घेऊन लोक मेडिसिनवाल्याची तुलना अ‍ॅनाटॉमीवाल्याशी करतात. एच-इंडेक्स म्हणजे काय तर १२ पेपरना प्रत्येकी निदान १२ सायटेशन असले की एच १२, बस. २००५ मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढला आणि जीवशास्त्रात हे आकडे फिजिक्सपेक्षा वरचे असतात हे त्याने त्याच पेपरात लिहिलंय, ते कोण वाचतं. कॅन्सरवर किंवा कोविडवर जगभर हजारो लोक लिहितात म्हणजे सायट करणारेही हजारो, कवटीच्या हाडातल्या एखाद्या छिद्रावर लिहिणारे किती असणार? त्यात वय धरलेलं नाही, फील्ड धरलेलं नाही, लेखक किती तेही धरलेलं नाही. जगातल्या रोगांच्या ओझ्यावरचे लॅन्सेटमधले ते मोठे पेपर घ्या, शेकडो लेखक आणि प्रत्येकाच्या खात्यात सायटेशन पूर्णच्या पूर्ण. त्यात विभागप्रमुख म्हणून नुसतं नाव घुसवलेले असतातच, आयत्या बिळावर नागोबा, स्कॉलरला ते कळायचा मार्ग नाही.

आणि फसवणं किती सोपं! २०२४ मध्ये परदेशातल्या दोन संशोधकांनी मुद्दाम दाखवायला लॅरी नावाच्या मांजराच्या नावे १२ बोगस पेपर बनवले, दुसऱ्या बोगस पेपरांमधून ते सायट केले आणि नेटवर चढवले, स्कॉलरने इमानेइतबारे मोजले, मांजराचा एच-इंडेक्स ११. आमच्याकडचे काही लेक्चरर अजून तिथवर पोचले नाहीत.

फील्ड बघून तुलना करायची असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची आयसाइट ही वेबसाइट वापरा, तेही फुकट. पबमेडचे पीएमआयडी नंबर पेस्ट करायचे की प्रत्येक पेपरचा आरसीआर नावाचा आकडा देते, म्हणजे त्याच विषयातल्या पेपरांच्या मानाने हा किती सायट झाला. १ म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या मधल्या पेपरइतका. अ‍ॅनाटॉमीच्या एका मॅडमचा स्कॉलरवरचा आकडा बघून सगळे नाक मुरडायचे, आरसीआर काढला तर दोन पेपर २ च्या वर, चेहरा काय खुलला त्यांचा. अडचण एवढीच की पबमेडमध्ये नसलेला पेपर याच्या हिशोबी नाहीच, आणि ताज्या पेपरच्या आकड्यावर फार विसंबू नका.

स्कॉलरला ५ पैकी साडेतीन. अर्धा कापला तो पाटलांच्या घोळासाठी, एक कापला तो मोजमापासाठी, त्यात गुगलचा दोष कमी आणि इंटरव्ह्यू कमिटीचा जास्त पण स्टार कमिटीला देता येत नाहीत. प्रोफाइल बनवणार असाल तर सोबत ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) १६ अंकी नंबर पण काढून घ्या, पुढचे पेपर पाठवताना तो टाकत जा, आणि सगळी साफसफाई होईपर्यंत प्रोफाइल प्रायव्हेटच ठेवा, नाहीतर भुईमुगाचा पेपर आधी सहकारी बघतात.