दोन होल्डरचा सिरीज बोर्ड: माल चांगला, जोडणी बेकार

कूलरचा सीझन लागला की माझ्या दुकानात मोटरींची रांग लागते, म्हणून यंदा आर्वीतून तयार सिरीज बोर्ड आणला, म्हणजे दुरुस्तीची वस्तू बल्बमधून लाइन देऊन तपासायचा बोर्ड; बल्ब कसा पेटतो त्यावरून वस्तूतला बिघाड कळतो. साडेचारशे रुपये. सनमायका जाड, सॉकेटची पकड घट्ट, बायपासचं (बल्ब वगळून थेट लाइन देणारं) बटण वेगळं. इथवर तक्रार नाही. पण बाप्पा, बनवणाऱ्यानं दोन्ही होल्डर एकामागे एक सिरीजमध्येच जोडले, अन् सोबत बल्ब दिले एक चाळीस वॅटचा, एक शंभरचा!

सॉकेट शॉर्ट करून (दोन्ही टोकं तारेनं थेट जोडून) चालू केला तं चाळीसचा झगझगीत, शंभरच्याची नुसती तार लाल. दुकानातलं पोट्टं म्हणे, "काका, मोठा गेला." गेला नाही. दोघांतून करंट एकच जातो, अन् चाळीसच्या तारेचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) जास्त, म्हणून व्होल्टेज तोच खातो. २३० व्होल्टवर शंभरच्याचा ५२९ ओहम, चाळीसच्याचा १३२२. या हिशेबानं चाळीसच्यावर १६४ व्होल्ट पाहिजे. सकाळी लाइन पुरी होती (संध्याकाळी आमच्याकडे मोजण्यात अर्थ नाही), तेव्हा मीटर लावलं तर १९०च्या आसपास! शंभरच्याची तार धड तापतच नाही, अन् टंगस्टन जितकं कमी तापेल तितका त्याचा रेझिस्टन्स कमी. म्हणून त्याच्या वाट्याला आणखीच कमी व्होल्ट येतात. दोनशेच्यासोबत झिरोचा लावा, दोनशेचा पेटलेला दिसणारही नाही.

म्हणजे शंभरचा नावालाच, बोर्ड चाळीसचाच. एवढ्यावर कूलरचा छोटा पंप तपासता येतो. पंख्याची मोटर मात्र घुंऽऽ करून बसते, अन् वाइंडिंग चांगलं असो की जळलेलं, चाळीसचा तेवढाच पेटतो. मग बोर्ड कशाले पाहिजे?

बोर्ड विकणाऱ्या दुकानदाराचं म्हणणं, दोन बल्ब म्हणजे जास्त सेफ. मी मागचं झाकण खोलून होल्डर पॅरललमध्ये (दोघांना करंटची वेगवेगळी वाट) घेतले, प्रत्येकाला बटण दिलं. आता हलक्या कामाला चाळीस, मिक्सरला शंभर, मोठ्या मोटरीला दोन्ही. बल्ब गेला तर एलईडी लावू नका, त्याच्या आतल्या सर्किटमुळे सिरीजमध्ये काहीच समजत नाही.

पाचपैकी दोन स्टार, तेही सॉकेटचे. घ्यायचाच असेल तर दुकानातच सॉकेटला इस्त्री लावून पाहा. दोन्ही बल्ब भरपूर पेटले तर घ्या, छोटाच एकटा पेटला तर तिथंच ठेवा.