खोलवरच्या संसर्गासाठी सीटी स्कॅन : एका इमेजिंग केंद्राच्या सेवेविषयी

आमच्या शल्यविभागातून त्वचा आणि मऊ ऊतींच्या संसर्गाचे रुग्ण ज्या इमेजिंग केंद्राकडे सीटी स्कॅनसाठी जातात, त्याच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. हे केंद्र मला मोलाचे वाटते ते तिथल्या अहवालांमुळे. ‘मऊ ऊतींना सूज आहे’ एवढे लिहून ते थांबत नाहीत. सूज त्वचेखालच्या चरबीपुरतीच आहे की स्नायूंवरील फॅशिआ या पातळ आवरणापर्यंत पोहोचली आहे, कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळ दिसणारे, शिरेतून दिले जाणारे द्रव्य) दिल्यावर कडेने उजळणारा पुवाचा साठा दिसतो का, दिसत असल्यास तो केवढा आणि कोणत्या स्नायूंच्या मध्ये आहे, हे सारे अहवालात असते. चिरा कुठे आणि किती खोल द्यायचा, हे त्यावरूनच ठरवता येते. मानेतील खोल संसर्गात, किंवा फोर्निअर गँगरीन (गुप्तांगाभोवतीच्या ऊती मारत जाणारा संसर्ग) पोटाच्या भिंतीत कुठवर पसरले आहे हे पाहताना, या तपासणीचा मला विशेष आधार वाटतो.

स्कॅनआधीची चौकशीही चोख असते. उथळ गळवासाठी चिठ्ठी गेली, तर सोनोग्राफीने काम भागणार नाही का, असे रेडिओलॉजिस्ट स्वतः फोन करून विचारतात, आणि ते योग्यच आहे. अशा संसर्गांत मधुमेही रुग्ण पुष्कळ असतात. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी), मेटफॉर्मिन (मधुमेहाचे औषध) आणि कॉन्ट्रास्टची पूर्वीची ॲलर्जी यांची नोंद घेतल्याशिवाय तिथे कॉन्ट्रास्ट दिला जात नाही. अत्यवस्थ रुग्णासाठी मात्र ते रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसत नाहीत.

एका बाबतीत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. काही अहवालांत ‘वायू आढळला नाही, त्यामुळे नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस नाही’ असे ठाम वाक्य येते. नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस म्हणजे फॅशिआच्या बाजूने झपाट्याने पसरत ऊती मारणारा संसर्ग. ऊतींमध्ये वायू दिसला तर संशय नक्कीच बळावतो. पण स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या प्रकारात तो बहुधा नसतोच, आणि सुरुवातीच्या काळात फॅशिआतील बदलही पुसट असू शकतात. वरून दिसणाऱ्या लालीच्या मानाने वेदना असह्य असतील आणि रक्तदाब उतरत असेल, तर रुग्णाला स्कॅनसाठी न थांबवता शस्त्रक्रियागृहातच न्यायला हवे, कारण अंतिम निदान तिथे फॅशिआ उघडून पाहिल्यावरच होते. असे वाक्य वाचून एखादा कनिष्ठ डॉक्टर निर्धास्त झाला, तर वाया गेलेले तास रुग्णाच्या जिवावर बेततात. त्याऐवजी ‘वायू नाही, तरीही लक्षणांवरून संशय असल्यास शस्त्रक्रिया लांबवू नये’ असे लिहावे, अशी लेखी विनंती मी केंद्राला केली आहे.