मुरुमांवर कोणतं मलम लावावं, बेंझॉइल पेरॉक्साइड की अ‍ॅडापलीन?

लाल, पू धरलेल्या फोडांवर बेंझॉइल पेरॉक्साइड सरस. ते जंतू मारतं आणि जंतू त्याला सरावत नाहीत. २.५ टक्क्यांचंच घ्या. १० टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, रंगीत कापडाचा रंग उडतो.

कपाळावर बारीक पुरळ, नाकाशी काळे ठिपके असतील तर ०.१ टक्के अ‍ॅडापलीन. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, सगळीकडे पसरून. नुसत्या फोडावर टिपका देऊन उपयोग नाही, कारण त्याचं काम छिद्रं तुंबू न देण्याचं. पहिले काही आठवडे मुरुम उलट वाढल्यासारखे वाटतात आणि इथेच अनेकजण ट्यूब टाकून देतात. कृपा करून १२ आठवडे थांबा. सालं निघाली तर एक रात्र आड लावा. गरोदरपणात मात्र ते नकोच.