रास्पबेरी पायला घड्याळ कोणतं लावावं? सोलापूरच्या लूम कारखान्यासाठी तुलना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कोणता लूम किती वेळ चालला याची नोंद रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') ठेवायची असेल, तर लिनक्स टाकण्याआधीच घड्याळाचा निर्णय घ्या. पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट गेली की वेळ गेली. मग नोंदी भलत्याच पाळीत पडतात, 'रिलीज फाईल अजून वैध नाही' म्हणत एपीटी (लिनक्समध्ये सॉफ्टवेअर उतरवणारा प्रोग्राम) अडून बसतं आणि सर्टिफिकेटच्या तारखा न जुळल्यामुळे वेबसाइटही उघडत नाहीत. कामगाराची मजुरी ज्या नोंदीवर ठरणार, तिथे हे चालवून घेऊ नये.

फुकटचा मार्ग म्हणजे इंटरनेटवरून वेळ घेणं. घरात, राउटर इन्व्हर्टरवर असेल तर तेवढं पुरतं. नेट नसताना फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं सॉफ्टवेअर मदतीला येतं, पण ते घड्याळ नव्हे. दर तासाला आणि मशीन नीट बंद करताना ते वेळ फाईलमध्ये लिहून ठेवतं, एवढंच. लाईट अचानक तीन तास गेली, तर पाय जागा होतो तेव्हा तीन ते चार तास मागे असतो. कारखान्यासाठी हा पर्याय मी बाद करतो.

राहिले सेलवाले मॉड्यूल, म्हणजे पायला जोडायच्या घड्याळाच्या छोट्या पट्ट्या. त्यांची नावं वरच्या चिपवरून पडतात. डीएस१३०७ स्वस्त आहे, पण त्याला ५ व्होल्ट लागतात आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. शिवाय त्याचा क्रिस्टल, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारा भाग, उष्णतेने चुकतो. साधा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास नीट चालतो. ४५ अंशांना तो दिवसाला सेकंदभराहून जास्त मागे पडू शकतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमधल्या बंद डब्यात तर विचारूच नका.

डीएस३२३१ स्वतः तापमान मोजून चूक भरून काढतं. ० ते ४० अंशांत चूक २ पीपीएमच्या (दहा लाख सेकंदांत दोन सेकंदांच्या) आत, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. त्यापुढे ८५ अंशांपर्यंत ३.५ पीपीएम. ते ३.३ व्होल्टवरही चालतं. जुन्या पायसाठी मी हेच घेईन. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलमध्ये मात्र सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल घालून ५ व्होल्ट दिले, तर चार्ज न होणारा सेल चार्ज होऊ लागतो आणि तो फुगू किंवा फुटू शकतो. २०१ लिहिलेला रेझिस्टर काढून टाका आणि मॉड्यूल ३.३ व्होल्टलाच जोडा.

नवीनच घेणार असाल तर पाय ५ मध्ये घड्याळ आहे, फक्त सेल वेगळा घ्यावा लागतो. कंपनीचा सेल रिचार्जेबल आहे. चार्जिंग मुळात बंद असतं, ते पायच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाईलमधून सुरू करावं लागतं. तिथे साधा सेल लावून चार्जिंग सुरू करू नका.

जुन्या मिनी पीसीवर लिनक्स टाकताय? आधी मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल (सीएमओएस सेल) बदला. विंडोजही ठेवलं असेल आणि वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल निर्दोष आहे: विंडोज घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिला यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, समजतं. दोघांपैकी एकाची सेटिंग बदला.

डीएस३२३१ बसवल्यावर कॉन्फिग फाईलमध्ये त्याचा ओव्हरले (हे मॉड्यूल जोडलंय हे लिनक्सला सांगणारी ओळ) लिहा, फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका आणि एकदा नेटवरून आलेली बरोबर वेळ लिनक्सच्या एचडब्ल्यूक्लॉक या कमांडने मॉड्यूलमध्ये भरा. मग नेटची केबल काढून पाय रात्रभर बंद ठेवा. सकाळी केबल न जोडता सुरू करा आणि वेळ मोबाईलशी ताडून बघा.