पत्र्याच्या भावात पुट्टी: जीपच्या टाकीपायी ३१,३१० रुपये पाण्यात

जुन्या जीपची, फियाटची नाहीतर अँबॅसिडरची पेट्रोलची टाकी शोधत असाल आणि फोनवर कुणी 'काका, कंपनीचा जुना स्टॉक आहे, न वापरलेला, एकच पीस उरलाय' असं म्हणालं, तर फोन ठेवून द्या. माझे ३१,३१० रुपये गेले. शिवाय वडिलांच्या वेळची मूळ टाकी गेली. ती या आकड्यात धरलेली नाही, कारण तिची किंमत कुठल्या दराने लावायची? घरी अजून १६,५०० एवढंच सांगितलंय. हे वाचून कळेलच, कळू दे.

माणसाचं नाव लिहीत नाही. वकील म्हणाले, तक्रार चालू असेपर्यंत लिहू नका. एवढंच सांगतो की तो घाटावरचा आहे, बोलायला गोड आहे आणि जीपबद्दल त्याला खरंच खूप माहिती आहे. फसवणारे अडाणी असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच्याशी एकदा बोलून पाहावं.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९७० ची. आंब्याच्या नि काजूच्या मोसमात वडिलांनी ती बागेत राबवली. आमच्याकडे बहुतेकांनी पुढे या जीपना डिझेल इंजिनं चढवली. आमचं हरिकेन पेट्रोल इंजिन मात्र मूळचंच आहे. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. म्हणजे टाकी पाझरायला लागली की तुम्ही अक्षरशः पेट्रोलवर बसून गाडी चालवता. सिंधुदुर्गातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याचं काय करतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी उभी राहिली की ते पाणी तळाला बसतं आणि टाकी आतून, खालच्या जोडाशी सडते. रंग वरून शाबूत, आणि सीट उचलली की वास! रेडिएटरवाल्याकडून ड्रेन बोल्टाशेजारी झाळणाचा एक डाग मारून घेतला होता. तो टिकला, पण जोड दुसरीकडे सुटला.

इथे कुणी म्हणेल, मग गावातल्या फॅब्रिकेटरकडून नवी का नाही करून घेतली? कारण माझ्या डोक्यात व्हीए नंबर होता. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला विंटेज नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पाटीवर व्हीए ही अक्षरं. गाडी मूळ रूपात हवी ही अट. जुन्या जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकीबद्दल विचारलं, त्यात नेमका हा व्हीएचाही उल्लेख केला, आणि संध्याकाळी त्याचा फोन. "काका, डुप्लिकेट टाकी दिसली की कमिटी फाइल परत पाठवते. आमच्या इकडच्या दोघांच्या परत आल्या." नियम मी नंतर शब्दन् शब्द वाचला. त्यात बदल चालत नाहीत म्हणून नावं घेतली आहेत ती चॅसिस, बॉडी आणि इंजिनाची. टाकीचं नावही नाही. पण फोनवर माणूस ठामपणे बोलत असताना राजपत्र उघडून कोण बसतं?

किंमत २५,५००. "तुमची जुनी पाठवून द्या, ४,००० वजा करतो, मला तिचे कोपरे दुसऱ्या कामाला उपयोगी पडतील." म्हणजे २१,५००. टोकन ५,०००, उरलेले १६,५०० माल निघायच्या आधी. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे १,८५० वेगळे. पैसे त्याच्या नंबरवर नाही, "मिसेसच्या नंबरवर टाका, माझं लिमिट संपलंय." पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येतं ते माल विकणाऱ्याचं नसेल तर पुढे जाऊ नका, मग कारण मिसेसचं असो, मेहुण्याचं असो, नाहीतर बँकेच्या लिमिटचं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही जेवताना घास अडतो. त्याने पाठवलेल्या फोटोंत एक जवळून काढलेला होता, पेट्रोलचा काटा चालवणारं युनिट जिथे बसतं त्या गोल चकतीचा. चकतीच्या स्क्रूंच्या खाचा खाल्लेल्या होत्या. एकाची तर अर्धी कडाच उडालेली. न वापरलेल्या टाकीचे स्क्रू कशाला उघडलेले असतील? फोटो मोठा करून मी पाहिला. नुसता पाहिला नाही, विचारलंसुद्धा. तो हसला, म्हणाला, "काका, चाळीस वर्षं पडून होती, आतून चेक केल्याशिवाय तुम्हाला कशी देऊ?" आता सांगा, यात न पटण्यासारखं काय होतं? उलट मला वाटलं, माणूस काळजी घेणारा आहे. ते स्क्रू एकदा उघडलेले नव्हते, वर्षानुवर्षं उघडझाप झालेले होते, आणि त्यांच्यावरून ताजा काळा रंग फिरवलेला होता. रंग खाचेत साचलेला फोटोत स्पष्ट दिसतो. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून उघडतो आणि स्वतःला दोन शिव्या देऊन बंद करतो.

वर त्याने व्हिडिओ पाठवला: टाकी पाण्याने भरलेली, थेंब गळत नाही. यालाही भुलू नका. एक तर कॅमेरा खाली, जोडाकडे, गेलाच नाही. आणि गेला असता तरी काय! पुट्टी पाणी थोपवते. खरी परीक्षा पेट्रोलची असते.

टाकी कुडाळला ट्रान्सपोर्टला आली. माझी जुनी त्याच दिवशी तिकडे रवाना झाली. इथे एक लक्षात ठेवा: नवी हातात येऊन, गाडीला बसून, पेट्रोल भरून दोन आठवडे चालेपर्यंत जुनी टाकी कुणालाही देऊ नका, कितीही वजावट मिळो. बोटाने वाजवली तर वरचा भाग टण्ण वाजत होता, खालचा नुसता ठक्. मी समजूत घातली स्वतःची की जुन्या कंपनीच्या मालाचा पत्रा जाडच असायचा.

मिस्त्रीने टाकी बसवली. पहिले काही दिवस गाडी झकास. मग चढावर गचके खाऊ लागली, मग बंदच. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाला खाली काचेची वाटी असते ना, तिच्यात लालसर गाळ आणि सालपटं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, बोटात धरली की चुरा. मी गोड माणसाला फोन केला. तो लगेच मान्य! "काका, हे आतलं कोटिंग आहे, एखाद्या पीसला होतं. पाठवून द्या, परत करून देतो. केमिकलचे फक्त ३,२००." पाठवली. दिले ३,२००. हो, दिले. कारण तोपर्यंत २३,३५० अडकलेले होते, आणि अडकलेल्या पैशाच्या मागे माणूस कसा धावतो हे ज्याचे अडकले त्यालाच कळतं.

परत आली ती तशीच, वर रंगाचा आणखी एक हात. त्यानंतर सीटखाली ओल दिसली तेव्हा मिस्त्रीने टाकी उतरवली आणि स्पीकरचं जुनं चुंबक तळाला लावलं. चुंबक खाली पडलं. दुसरीकडे लावलं, पडलं. "ही टाकी खयसून हाडलात? ह्येच्यात पत्रो कमी नि लांबी जास्त आसा." लांबी म्हणजे पुट्टी. त्याने स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर काळ्या रंगाखाली राखाडी पुट्टी, पुट्टीखाली फायबरची जाळी, आणि जाळीखाली चाळण झालेला पत्रा. आत साधं लाल प्रायमर मारलेलं. पेट्रोलने तेच सोलून पंपात नेलं होतं. चुंबक पाच रुपयांचं असतं. टाकी घ्यायला जाताना खिशात ठेवा, आणि माणूस लांबचा असेल तर व्हिडिओ कॉलवर त्यालाच लावायला सांगा, खालच्या बाजूला, जोडाच्या कडेकडेने. तो कारणं द्यायला लागला की तुम्हाला उत्तर मिळालं.

कार्ब्युरेटरचं किट, पंप, लाइन साफ करणं, मजुरी: ४,७६०. म्हणून ३१,३१०.

फोन उचलणं त्याने बंद केलं. मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब." मी चुंबक टेबलावर ठेवून दाखवलं. साहेबांनी ते उचलून कागदाच्या टाचण्या गोळा केल्या. दुसऱ्या साहेबांचं म्हणणं, माणूस घाटावरचा, तिकडच्या ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. मी ते छापून नेलं होतं. "हे तुम्ही आम्हाला शिकवणार?" अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर असा चेहरा, जणू मी त्यांच्याकडे टाकीचे पैसे मागतोय. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मागून कुणी ओळखत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. बाई सभ्यपणे बोलल्या, पण पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर पैसे अडवता आले असते म्हणाल्या. पहिल्या काही तासांत मी टाकीची वाट बघत होतो हो! फसलोय हे कळायला आधी टाकी गळावी लागते. तक्रार क्रमांक मिळाला, मग मेसेज आला की तक्रार संबंधित ठाण्याकडे वर्ग केली आहे. ते संबंधित ठाणं म्हणजे ज्याने मला परत पाठवलं तेच. बँकेत उत्तर, "पिन तुम्ही स्वतः टाकलात." बरोबर, मीच टाकला, बंदूक लावून कुणी टाकून घेतला नाही. समोरच्या खात्यात २१२ रुपये सापडले, ते रोखून धरलेत. ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. २१२ रुपयांसाठी! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपल्याच जिल्ह्यात दावा करता येतो, एवढं एक बरं आहे. पण तिथली नोटीस 'पत्ता अपूर्ण' शेरा मारून परत आली. पत्ता शोधून द्यायचा कुणी? मी. पत्ता काढायचं ज्याचं काम, ते दिवाणी बाब म्हणून बसलेत. म्हणून टोकन द्यायच्या आधी पूर्ण पत्ता आणि सहीचं बिल मागा. बिल नाही म्हणाला तर माल नाही म्हणा.

शेवटी टाकी इथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतली, १८ गेजच्या पत्र्यात, आत आडव्या पट्ट्या ठेवून, ९,४०० रुपयांत. चाळीस लिटरच्या आसपास मावतं, गळत नाही. जुनी टाकी वाचवायची असेल तर ओळखीच्या आणि समोर बसून करणाऱ्या माणसाकडेच द्या, आणि तो पाण्याने भरून न घेता थेट गॅस पेटवत असेल तर टाकी उचलून घरी या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, महिनोन् महिने पडून असलेलीसुद्धा फुटते.

आणि आता धंदा कसा चालतो ते. मागच्या महिन्यात एका ओळखीच्याने मला फोटो पाठवला: 'सीजे-३बी, ओरिजिनल टाकी, कंपनी स्टॉक, २९,०००.' तोटीच्या डाव्या अंगाला अंगठ्याएवढा पोचा. तो पोचा मी लहानपणी जॅकच्या दांड्याने पाडलाय आणि त्यासाठी मार खाल्लाय. माझीच टाकी, नवा काळा रंग. मला जी आली तीही अशीच कुणाची तरी 'वजावटीतली' असणार. म्हणजे त्याला माल विकत घ्यावाच लागत नाही, आपणच एकमेकांची भंगारं पैसे देऊन त्याच्यामार्फत फिरवतोय. फोटो घेऊन ठाण्यात गेलो. "पोच्यावरून काय सिद्ध होतं?"

तर कुणाला ती २९,००० ची टाकी दाखवली गेली, तर ड्रेन बोल्टाशेजारचा रंग नखाने खरवडून बघा. खाली दोन इंचांचा डाग निघेल. तो माझा आहे.